क्रेडिट कोणाचं? रुमेटॉइड आर्थ्रायटिसच्या (आरए) एका पेशंटसोबतचे चौदा महिने

योग थेरपीवाल्यांनी लिहिलेल्या केसेस वाचल्या की बहुतेक वेळा शेवट ठरलेला असतो, पेशंट ठणठणीत, गोळ्या बंद. माझ्या या केसमध्येही गोळ्या बंद झाल्या होत्या, सहा आठवडे, आणि चौदा महिन्यांतला तोच सगळ्यात वाईट काळ होता. त्यात माझा हात होता म्हणून हे सगळं लिहून काढतोय. ओळख पटेल असे तपशील बदललेत, बाकी जसं घडलं तसं.

पेशंट म्हणजे त्रेचाळीस वर्षांच्या एक शिक्षिका. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला सर. दोन्ही हातांच्या बोटांची मुळं सुजलेली, मनगटं सुजलेली, सकाळी उठून पाय जमिनीवर टेकवला की तळव्याखाली खडे असल्यासारखं वाटायचं. आधी चार-पाच महिने ‘लिहून लिहून हात भरून आला असेल’ यात गेले, मग रक्त तपासलं तर अँटी-सीसीपी (या आजाराची खूण सांगणारी तपासणी) पॉझिटिव्ह, ईएसआर आणि सीआरपी हे सूज दाखवणारे आकडे दोन्ही वाढलेले, आणि निदान झालं रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आरए. रुमेटॉलॉजिस्टनी, म्हणजे या आजारांच्या डॉक्टरांनी, मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू केलं, आठवड्यातून एकदाच घ्यायचं, सोबत फॉलिक ॲसिड, आणि सुरुवातीचे काही आठवडे थोडंसं स्टिरॉइड. माझ्याकडे आल्या तेव्हा औषध सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. हे तीन आठवडे लक्षात ठेवा, मी तेव्हा ठेवले नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण मराठीत सगळ्यालाच संधिवात म्हणतात. वयोमानाने गुडघा झिजतो तो वेगळा. आरएमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, ते अस्तर सुजून जाड होतं आणि वेळेत आवरलं नाही तर कूर्चा आणि हाड खायला लागतं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दोन-तीन पट जास्त. आणि सांधा एकदा खाल्ला गेला की तो कुठल्याही आसनाने परत येत नाही, म्हणून औषधाला उशीर परवडत नाही.

पहिल्या दिवशी मी आसनबिसन काही घेतलं नाही, नुसतं बघत बसलो. ताईंनी पाण्याची बाटली उघडली ती अशी की बाटली मांड्यांत धरली आणि दोन्ही तळहातांमध्ये झाकण दाबून फिरवलं, बोटं लावलीच नाहीत. पर्समधून पेन काढला, त्याला रबराची नळी चढवून जाड केलेला, मुलीची आयडिया म्हणाल्या. सकाळी हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो विचारलं तर उत्तर मिनिटांत आलंच नाही, “ब्रशवर पेस्ट नवरा काढून देतो, आंघोळीनंतर थोडं बरं, शाळेत हजेरी घेईपर्यंत मूठ वळते.” हिशेब केला तर पावणेदोन तास. पण त्यांची मुख्य तक्रार दुखण्याची नव्हतीच, थकव्याची होती. म्हणाल्या, “सर, दुखणं दाखवता तरी येतं, सूज दिसते. दमलेय म्हटलं की लोक म्हणतात आम्ही पण दमतो.”

मानेबद्दल मी आग्रह धरला तेवढी एक गोष्ट सुरुवातीला बरोबर केली. आरए मानेच्या अगदी वरच्या दोन मणक्यांमधला सांधाही सैल करू शकतो, आणि तिथून मज्जारज्जू जातो. डॉक्टरांना चिठ्ठी पाठवली, त्यांनी मान पुढे-मागे वाकवून एक्सरे काढायला लावला, तो नॉर्मल आला. तरीही शीर्षासन, सर्वांगासन, हलासन आणि मान गोल फिरवणं आम्ही कायमचं बाजूला ठेवलं. पवनमुक्तासनाच्या ज्या मालिकेला बिहार स्कूल ऑफ योगच्या परंपरेत वातविरोधी गट म्हणतात तिचा शेवटच ग्रीवा संचालनाने, म्हणजे मान हलवण्या-फिरवण्याने होतो, आणि नावातच वात आहे म्हणून बरेच जण ती मालिका आरएच्या माणसाला पायाच्या बोटांपासून मानेपर्यंत जशीच्या तशी देतात. देऊ नये.

आता माझी पहिली चूक. मी त्यांना सकाळी साडेसहाची वेळ दिली. आमच्या डोक्यात बसलेलंच असतं ना, पहाटेची वेळ, रिकामं पोट, शांत वातावरण. पण आरएचं घड्याळ वेगळं चालतं. इंटरल्यूकिन-६ नावाचं सूज वाढवणारं द्रव्य या पेशंटमध्ये पहाटे सगळ्यात जास्त चढलेलं असतं, आणि शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल त्याला आवरायला अपुरं पडतं, म्हणून तर सकाळी सांधे धरतात. म्हणजे ज्या वेळी सांधा सगळ्यात जास्त सुजलेला त्याच वेळी मी त्याला वाकायला सांगत होतो. ताई बिचाऱ्या साडेपाचला उठून, गरम पाण्यात हात बुडवून, यायच्या. चौथ्या दिवशी मीच विचारलं की तुम्हाला दिवसात कधी सगळ्यात बरं वाटतं, तर म्हणाल्या संध्याकाळी पाचच्या पुढे. मग संध्याकाळी साडेपाच. एवढा साधा प्रश्न मी पहिल्या दिवशी का विचारला नाही माहीत नाही.

दुसरी चूक जास्त महाग पडली. दुसऱ्या आठवड्यात मार्जारासन घेतलं. पाठीला छान, श्वासाशी जोडलेलं, कोणालाही जमणारं, असा माझा समज. पण चार पायांवर आलं की मनगट पूर्ण मागे वाकतं आणि वरून शरीराचं वजन पडतं, आणि ताईंचं उजवं मनगट तर आतून आधीच सुजलेलं. त्यांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. तीन दिवस आल्या नाहीत, चौथ्या दिवशी आल्या तर मनगटावर हाडाचं टेंगूळ झाकलं जाईल एवढी सूज आणि हात लावला तर गरम. “दुखत होतं तर बोलला का नाहीत?” तर म्हणाल्या, “मला वाटलं दुखलं तरच मोकळं होतं.”

हे वाक्य मी त्यानंतर बऱ्याच पेशंटकडून ऐकलंय. निरोगी स्नायू ताणला की थोडा ओढल्यासारखा दुखतो आणि मग मोकळा होतो, ते खरंय. सुजलेला सांधा ताणला की फक्त जास्त सुजतो. त्या दिवसापासून आम्ही दोन तासांचा नियम लावला: सत्रानंतर दोन तासांनीही सांध्याचं दुखणं आधीपेक्षा जास्त असेल, तर त्या दिवशी जास्त झालं, पुढच्या वेळी कमी. फिजिओथेरपीवाले हा नियम कधीपासून वापरतात, मला तो योगाच्या ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितला नव्हता. मार्जारासन मग खुर्चीवर बसून, हात मांडीवर ठेवून सुरू केलं, पाठीला तेच मिळतं आणि मनगटाला काही कळतही नाही.

पण त्या चार दिवसांनी मला एक कळलं की ताईंच्या ‘बरं आहे’वर विश्वास ठेवून चालणार नाही, त्या मुद्दाम खोटं बोलत होत्या असं नाही, आयुष्यभराची सवय. काहीतरी मोजायला हवं होतं. बीपीच्या मशीनचा कफ घेतला, गुंडाळी करून २० पर्यंत हवा भरली, आणि म्हटलं दाबा. काटा जिथपर्यंत चढेल तो आकडा. जुनी पद्धत आहे, मुठीची ताकद मोजायचं महागडं यंत्र नसेल तर डॉक्टर पण असंच करतात, आणि आरएच्या हाताला ही मऊ गुंडाळी धरायला सोपी जाते. पहिल्या दिवशी उजव्या हाताचा आकडा आला ५४. माझा स्वतःचा दाबून बघितला तर काटा थेट ३०० च्या टोकाला जाऊन अडकला. ताई नुसत्या बघत राहिल्या, मग हसल्या, मला मात्र हसायला आलं नाही.

सत्रात नेमकं काय असायचं ते सांगतो. पस्तीस-चाळीस मिनिटं, त्यातली पहिली दहा नुसती पडून, गुडघ्यांखाली लोड, मनगटांखाली घडी केलेला टॉवेल, म्हणजे हात लोंबकळत नाहीत. मग पायाची बोटं, घोटा, गुडघ्याची वाटी आवळून सोडणं, मग हात. मुष्टिका बंधन म्हणजे मूठ वळणं-उघडणं, पण अंगठा आत घेऊन घट्ट आवळायचं नाही, हातात कल्पनेतलं अंडं आहे असं धरायचं. मणिबंध नमन म्हणजे मनगट वर-खाली, ते टेबलावर हात टेकवून आणि अर्ध्यापर्यंतच. सूज असेल त्या सांध्याला त्या दिवशी फक्त एक-दोनदा अलगद हलवायचं, आखडू नये एवढ्यापुरतं. मग भिंतीला पाठ लावून उभं राहणं, खुर्चीवरून उठणं-बसणं, हे मांड्यांसाठी, कारण हाताला त्रास नको तर उठताना हाताचा आधार घ्यावा लागता कामा नये. स्टिरॉइडमुळे हाडं विरळ होण्याची भीती म्हणून कमरेतून जोर लावून पुढे वाकणं काढलेलं.

प्राणायामात एक गंमत झाली. अनुलोम-विलोम कुणालाही चालतं म्हणून दिलं, तर दोन मिनिटांत ताईंचा हात खाली. नाकपुडी बंद करायला जी मुद्रा लागते तीत दोन बोटं दुमडून अंगठा आणि अनामिका वापरायची, वर कोपर हवेत, म्हणजे ज्यांची बोटं आणि खांदा आजारी त्यांच्यासाठी हे श्वासाचं कमी आणि हाताचंच आसन जास्त आहे, आणि आम्ही ते ‘सगळ्यात सौम्य’ म्हणून वाटत फिरतो. मग मनातल्या मनात केलं, हात मांडीवर, फक्त लक्ष एका नाकपुडीवरून दुसरीवर. भ्रामरी पण कानात बोटं न घालता. श्वास मिनिटाला साधारण सहा, बाहेर सोडायचा वेळ जास्त. आणि एक ताकीद मी पहिल्याच आठवड्यात दिली होती, नवीन कोरडा खोकला किंवा धाप लागायला लागली तर प्राणायाम वाढवायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा, मेथोट्रेक्सेट क्वचित फुप्फुसाला सूज आणतं. ताप असेल तरी सत्र नाही, कारण औषधाने प्रतिकारशक्ती दाबलेली असते.

तिसरा महिना संपला तेव्हा आकडा ११८. सकाळची पावणेदोन तासांची कटकट वीस मिनिटांवर. ईएसआर खाली. पेनाची नळी निघाली. मी हवेत. आणि मी ते वाक्य बोललो, माझ्या चांगलं लक्षात आहे, कफची हवा सोडता सोडता म्हटलं, “बघा ताई, योगाने काय कमाल केली.” वर दुसऱ्या एका बॅचसमोर त्यांचं उदाहरण पण दिलं, त्या समोर बसलेल्या असताना.

पुढचे दोन महिने छान चाललंय असं मी समजत होतो. मग एका संध्याकाळी त्या चटई आवरत होत्या आणि मी बघितलं की ब्लँकेट त्यांनी बोटांनी न उचलता दोन्ही कोपरांच्या मध्ये धरून उचललं. म्हटलं कफ दाबूया. टाळाटाळ केली, आज नको, उशीर झालाय. दाबलं तर ६६.

“गोळ्या चालू आहेत ना?”

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सर, तुम्हीच म्हणालात ना योगाने झालं. आणि त्या गोळीच्या दिवशी इतकं मळमळतं की दुसऱ्या दिवशी शाळेत उभं राहवत नाही. म्हटलं योगाने होतंय तर कशाला.” सहा आठवडे बंद होत्या. डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, मलाही नाही, घरी तर नाहीच.

त्या रात्री मी वही काढून तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि मला घाम फुटला. मेथोट्रेक्सेटचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. औषध सुरू झाल्यापासून तिसऱ्या आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या. म्हणजे माझी सत्रं सुरू झाली त्याच सुमारास औषध कामाला लागत होतं, आणि तिसऱ्या महिन्यात मी ज्या ११८ ची फुशारकी मारली त्यातला बराचसा भाग त्या आठवड्यातून एकदाच्या गोळ्यांचा होता. सुरुवातीचं स्टिरॉइड वेगळंच. योगाचा किती? मला वेगळं काढता येत नाही, आणि एका पेशंटवरून कोणालाच येणार नाही. शिवाय हा आजार मुळात चढ-उताराचा. माणूस थेरपीला येतो तो सगळ्यात वाईट दिवसांत, त्यामुळे नंतर काहीही केलं तरी थोडं बरं होण्याचीच शक्यता जास्त असते, आणि त्या वेळी जो समोर उभा असतो तो हार गळ्यात घालून घेतो.

म्हणजे योगाचा काही उपयोग नाही का, तर असंही नाही. दिल्लीच्या एम्समध्ये ७२ पेशंटवर आठ आठवड्यांचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला, योग करणाऱ्या गटात आजाराची तीव्रता, सूज दाखवणारे रक्तातले घटक आणि नैराश्य तिन्ही कमी झालं. पण वाचणारे एक ओळ गाळतात, औषधं दोन्ही गटांना चालू होती. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमेटॉलॉजीच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये आरएसाठी नियमित व्यायामाची ठाम शिफारस आहे आणि योग, ताई-ची वगैरेची सशर्त शिफारस आहे, तीही औषधाच्या जोडीला. आणि ते व्हेगस नर्व्हचं, म्हणजे मेंदूतून छाती-पोटाकडे जाणाऱ्या नसेचं प्रकरण, जे हल्ली प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतं. केविन ट्रेसी या अमेरिकन संशोधकांनी २००२ मध्ये मांडलं की मेंदूकडून व्हेगस नर्व्हच्या वाटेने सुजेला लगाम बसतो, आणि २०१६ मध्ये आरएच्या काही पेशंटच्या शरीरात यंत्र बसवून त्या नर्व्हला विजेचे झटके दिले तर सूज कमी झाल्याचं दिसलं. शरीरात बसवलेलं यंत्र! भ्रामरीचा गुंजारव आणि ते एकच असं मी पण एकेकाळी सांगायचो. आता नाही सांगत.

ताईंना मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं, बाहेर बसलो. डॉक्टर ओरडले नाहीत, मळमळीबद्दल नीट विचारलं, गोळ्या रात्री घ्यायला सांगितल्या, फॉलिक ॲसिड वाढवलं, आणि नाहीच जमलं तर इंजेक्शनचा पर्याय असतो म्हणाले. म्हणजे ज्या त्रासासाठी औषध सोडलं त्याला उत्तर होतं, फक्त विचारायला हवं होतं. मला मनापासून वाटतं, पेशंट औषध का सोडतो हे डॉक्टरआधी योग शिक्षकाला कळू शकतं, आपण आठवड्यातून तीनदा भेटतो, डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा. पण ते कळण्यासाठी आपण औषधाच्या विरुद्ध बाजूला उभे आहोत असं पेशंटला वाटता कामा नये, आणि मी नेमका तिथेच उभा राहिलो होतो. दुसऱ्या बॅचसमोर जे बोललो होतो ते त्याच बॅचसमोर मागे घेतलं. अवघड गेलं.

सूज परत आटोक्यात यायला अडीच महिने लागले. त्या काळात उजव्या मनगटाच्या एक्सरेमध्ये हाड थोडं खाल्लेलं दिसलं. ते त्या सहा आठवड्यांतच झालं असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण माझ्या मनातून ते जात नाही.

त्यानंतर कामाची पद्धत बदलली. कफ ताईंच्या घरी गेला. रोज संध्याकाळी एकच मोजमाप, वहीत, आणि शेजारी गोळीच्या दिवशी एक टिक. सत्राचे तीन प्रकार ठरवले. आकडा १०० च्या वर आणि सूज नसेल तर पूर्ण सत्र, उभ्याने करायचं सगळं. मधला असेल तर खुर्ची. ७० च्या खाली किंवा एखादा सांधा गरम असेल तर फक्त पडून, सांधे एकदा अलगद हलवणं, श्वास आणि योगनिद्रा, आणि आकडा दोन-तीन दिवस तसाच राहिला तर डॉक्टरांना फोन. आकडे त्यांच्यापुरते, दुसऱ्या कोणाला तेच लावू नका. कुठल्या दिवशी कुठलं सत्र हे आता त्याच ठरवतात, मी नाही. सुरुवातीला प्रत्येक वेळी वरचाच प्रकार निवडायच्या, ६८ असताना पण, आणि मला सांगायच्या “आज मन छान आहे.” मन छान असेल हो, मनगटाचं काय.

थकव्याचं मात्र मला खरंच सांगावंसं वाटतं, कारण तिथे औषध पूर्ण पुरत नव्हतं. आरएमध्ये रक्ताचे रिपोर्ट चांगले आले तरी थकवा मागे राहतो, हे डॉक्टरही मान्य करतात. ताई दोन तासांच्या मध्ये वर्गात दहा मिनिटं खुर्चीवर बसून, हात मांडीवर उपडे ठेवून, लांब उच्छ्वास करायला लागल्या. दमल्यावर विश्रांती घेतली की उशीर झालेला असतो, दमण्याआधी घ्यायची, हे जमायला त्यांना चार महिने लागले. झोप सुधारली. आणि हलायची भीती गेली, पायऱ्या बघून थबकायच्या त्या थांबल्या. हे योगाचं असं मी लिहायला तयार आहे, पेन्सिलीने.

चौदाव्या महिन्यात उजवा हात १२४, डावा १३०, सकाळचं आखडणं पंधरा मिनिटं, मेथोट्रेक्सेट चालू, स्टिरॉइड बंद, मधे एक छोटा फ्लेअर (आजाराची उसळी) येऊन गेला जो त्यांनी स्वतःच वहीतून पकडला. उजवं मनगट आता पूर्ण मागे वळत नाही आणि वळणारही नाही. तरी दर महिन्याला एकदा विचारतात, “सर, सूर्यनमस्कार कधी?” जमिनीवर हात टेकवून नाही ताई, म्हणतो मी. खुर्चीवर बसून करतो तो प्रकार त्यांना अजिबात आवडत नाही, करतात, पण तोंड वाकडं करून.